बोत्स्वानाचे हिरे: नशीब, कायदा की खोत्ला?

आडवाटेचा_पांथस्थ (धागाकर्ता)

नोकरीच्या निमित्ताने साडेतीन वर्षं बोत्स्वानात, गॅबरोनला काढली. (तिथली माणसं 'खाबोरोने' म्हणतात. आपला उच्चार ऐकून आधी हसतात, मग रस्ता सांगतात.) परत आल्यावर पुण्यात जो भेटेल त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "हिऱ्यांसाठी बंदुका घेऊन फिरतात ना रे तिकडे?" साडेतीन वर्षांत मला कुणाच्या हातात बंदूक दिसली नाही. रांगा मात्र पोटभर पाहिल्या. बँकेत रांग, लँड बोर्डाच्या कचेरीत रांग. मधे कुणी घुसलाच तर अख्खी रांग नुसती त्याच्याकडे बघते आणि तो गुमान मागे जातो.

तर विषय असा, की ज्या खंडात खनिजं सापडली की देशाचं वाटोळं होतं असं आपण धरून चालतो, तिथे हा एक देश वेगळा का निघाला?

आधी सुरुवात किती भिकेची होती ते बघा. ३० सप्टेंबर १९६६ ला ब्रिटिश गेले तेव्हा महाराष्ट्राच्या जवळपास दुप्पट आकाराच्या या देशात डांबरी रस्ता होता सुमारे १२ किलोमीटर आणि पदवीधर होते २२. ब्रिटिशांनी या मुलुखात राजधानी बांधण्याचीही तसदी घेतली नव्हती. कारभार चालायचा माफेकिंगहून, म्हणजे देशाच्या हद्दीबाहेर, दक्षिण आफ्रिकेतून! स्वातंत्र्य मिळालं तेव्हा दुष्काळ चालू होता, गुरं मरत होती आणि सरकारी पगार ब्रिटिश अनुदानातून होत होते.

१९६७ साली ओरापाला हिरे सापडले. इथपर्यंत गोष्ट हिऱ्यांपायी यादवीत होरपळलेल्या सिएरा लिओनसारखीच आहे. फरक पुढे आहे. त्याच १९६७ साली खनिजांचा कायदा झाला आणि जमिनीखालचं सगळं टोळ्यांकडून काढून देशाच्या नावावर झालं. ओरापा हा बांग्वातो टोळीचा मुलूख. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा त्याच टोळीच्या गादीचे वारस. रूथ विल्यम्स या इंग्रज मुलीशी १९४८ मध्ये लग्न केलं म्हणून ब्रिटिशांनी त्यांना १९५६ पर्यंत देशाबाहेर ठेवलं होतं आणि गादीवरचा हक्क सोडल्यावरच घरी येऊ दिलं. म्हणजे कायद्याने सगळ्यात आधी पाणी सोडलं ते त्यांच्याच माणसांच्या हिऱ्यांवर.

आणि खरी मेख ज्वानेंगची. किमतीच्या हिशेबाने जगातली सगळ्यात श्रीमंत समजली जाणारी ही खाण बांग्वाकेत्से लोकांच्या भूमीत आहे. तिथले हिरे सापडले १९७० च्या दशकात, खाण सुरू झाली १९८२ ला. तोवर 'हे कुणाचं?' हा प्रश्न निकालात निघालेला होता. आधी घबाड आणि मग वाटणीचा कायदा असं झालं असतं, तर काय झालं असतं ते वाड्याच्या वाटण्या पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको.

१९६५ ते १९९८ या काळात दरडोई उत्पन्न वर्षाला सरासरी साडेसात टक्क्यांहून जास्त वेगाने वाढत होतं. तेव्हा इतक्या सातत्याने जगात कुणीच वाढत नव्हतं. दर पाच वर्षांनी निवडणूक, एकही लष्करी उठाव नाही. माझं मत असं, की हिरे हे निमित्त. देश वर आला तो राज्य करणाऱ्याला चार माणसांसमोर बसून उत्तर द्यायची जुनी सवय होती म्हणून. ही सवय जिथे लागते त्या गावसभेच्या जागेला 'खोत्ला' म्हणतात, त्यावर सवडीने लिहितो.

पण एक गोष्ट खटकते. इतकं सगळं करून तरण्या पोरांना काम नाही. असं का? जाणकारांनी लिहावं.

चहाटळ

रुमाल टाकून ठेवतो. रात्री निवांत वाचेन.

रत्नपारखी_बीकेसी

छान धागा. बावीस वर्षं कच्च्या मालाच्या टेबलावर काढली आहेत (आधी ऑपेरा हाऊस, मग वांद्र्याचं बोर्स, म्हणजे हिरेबाजार), म्हणून एक गोष्ट सांगतो. अर्थशास्त्रवाले ती पायरी चुकवतात.

हिरा कुठे सापडतो याला फार महत्त्व आहे. सिएरा लिओनमध्ये माल नदीच्या गाळात. फावडं, चाळणी आणि गुडघाभर पाणी, की कुणीही हिरे काढू शकतो. संध्याकाळी खिशात घालून हद्द पार. तिथे सरकारने कर घ्यायचा तरी कुणाकडून? ज्याच्याकडे बंदूक तो घेतो. बोत्स्वानाचा माल किंबरलाइट या ज्वालामुखी खडकाच्या उभ्या नळ्यांत, खोल. ज्वानेंगला तर वर चाळीस-पन्नास मीटर कलाहारीची वाळू. वाळवीने खालचे कण वारुळात वर आणले आणि त्यावरून शोध लागला असं आमच्यात सांगतात. असला माल काढायला अब्जावधींची यंत्रं, कुंपण, क्ष-किरण तपासणी, सगळं लागतं. फावडंवाल्याचं तिथे काम नाही. त्यामुळे सरकारला एकाच दाराशी उभं राहून हिशेब मागता आला.

तेव्हा कायद्याचं कौतुक करा, पण भूगर्भालाही थोडं श्रेय द्या.

कोकणी_हापूस

खोत्ला म्हणजे आमच्या खोताचा ओटा का हो? तिथेही चार माणसं बसायची, पण बोलायचा एकटा खोत.

आडवाटेचा_पांथस्थ (धागाकर्ता)

@कोकणी_हापूस, हसलो. नेमका उलटा प्रकार आहे.

गॅबरोनपासून तासाभरावर मोचुडी आहे. ऑफिसातल्या एका बाईंचं ते माहेर, त्या मला एकदा घेऊन गेल्या. लाकडाचे जाड ओंडके उभे रोवून केलेली अर्धगोल भिंत, आत मोकळी जागा, बाजूला गवताने शाकारलेली शेड. खुर्ची ज्याची त्याने घरून आणायची. पुरुषांनी टोप्या काढायच्या, बायकांनी पँट घालून यायचं नाही, खांद्यावर शाल हवी. पाण्याच्या लाईनबद्दल बोलायला एक मंत्री आले होते. त्यांचं बोलून झाल्यावर एक म्हातारे उठले. अंगात ओव्हरकोट (ऊन मी म्हणत होतं तरी), हातात काठी. ते जे बोलले ते बाईंनी माझ्या कानात सांगितलं: "तुम्ही दोन वर्षांपूर्वी आलात तेव्हाही हाच शर्ट होता. शर्ट अजून चांगला आहे, पाणी मात्र आलेलं नाही." कुणी हसलं नाही, कुणी खाली बसवलं नाही. मंत्री वहीत लिहून घेत होते. असे तेरा जण बोलले, मी मोजले. शेवटी सगळ्यांनी मिळून 'पुला!' असा पुकारा केला.

पुला म्हणजे पाऊस. आशीर्वादही तोच आणि १९७६ पासून चलनाचं नावही तेच. सुट्ट्या पैशाला 'थेबे', म्हणजे ढाल.

त्यांच्यात म्हण आहे, 'राजा राजा असतो तो लोकांमुळे'. ब्रिटिश राजवटीत ही प्रथा मोडली नाही, कारण ब्रिटिशांना त्या वाळवंटात रसच नव्हता. तीही एका परीने राजांचीच कमाई. १८९५ मध्ये तीन राजे, खामा तिसरे, बाथोएन आणि सेबेले, थेट लंडनला जाऊन धडकले आणि आमचा मुलूख सेसिल ऱ्होड्स या खाणसम्राटाच्या कंपनीला देऊ नका असं सांगून आले. गॅबरोनमध्ये तिघांचे पुतळे आहेत. कंपनीचं राज्य आलं असतं तर खोत्ला राहिला असता का, शंकाच आहे.

शंकासुर

सगळे टाळ्या वाजवताय म्हणून थोडं मिठाचं पाणी ओततो.

१) १९६६ पासून २०२४ पर्यंत, ५८ वर्षं, एकच पक्ष (बोत्स्वाना डेमोक्रॅटिक पार्टी, म्हणजे बीडीपी) सत्तेवर. आपल्याकडे काँग्रेसला एवढी सलग मिळाली असती तर आपण त्याला आदर्श लोकशाही म्हटलं असतं का? २०१४ ला तर बीडीपीला निम्म्याहून कमी मतं होती, ५७ पैकी जागा ३७. विरोधक आपसात फुटलेले, बस्स.

२) राष्ट्राध्यक्षाला जनता थेट निवडत नाही. दहा वर्षांची मर्यादा आली ती १९९७ मध्ये. त्यानंतर मुदत संपायच्या आधी खुर्ची उपाध्यक्षाला द्यायची, म्हणजे तो आयता निवडणुकीला उभा. २००८ ला कोण आलं? सेरेत्से खामांचे चिरंजीव इयान. गादी सोडली म्हणता ना?

३) सरकारी टीव्ही सरकारचा, फुकट वाटला जाणारा पेपर सरकारचा.

४) त्या खोत्ल्यात पूर्वी बायकांना आणि बासार्वांना (ज्यांना बाहेर सान किंवा बुशमन म्हणतात) बोलायची मुभा नव्हती. १९९७ आणि २००२ ला याच लाडक्या सरकारने बासार्वांना मध्य कलाहारीच्या अभयारण्यातून उठवलं. त्यांच्या बोअरवेलचं पाणी बंद केलं. वाळवंटात!

मला तर हा पशुपालक जमीनदारांचा सुज्ञ स्वार्थ वाटतो. सत्तेवरच्या लोकांकडे हजारोंनी गुरं होती, लोबात्सेच्या कत्तलखान्यातून मांस युरोपला जायचं. मालमत्तेचे कायदे नीट असणं ही त्यांचीच गरज होती. त्याला लोकशाहीचं नाव देऊ नये.

अर्थशून्य

@शंकासुर, मुद्दे खरे आहेत, निष्कर्ष घाईचा आहे. स्वार्थ तर होताच. पण शेजारच्या झांबियातल्या नेत्यांना स्वार्थ नव्हता का? १९६४ ला स्वतंत्र झाला तेव्हा तांब्यामुळे झांबिया बोत्स्वानापेक्षा कितीतरी श्रीमंत होता. तिथे खाणींचा ताबा सरकारने घेतला, पाठोपाठ एकपक्षीय राज्य आलं, आणि १९७५ च्या सुमारास तांब्याचा भाव कोसळला. पुढे नुसतं कर्ज. मधे 'थांबा' म्हणणारं अधिकृतपणे कुणी उरलंच नव्हतं.

बोत्स्वानाने काय केलं? हिरे काढणाऱ्या डी बिअर्स या बड्या परदेशी कंपनीला हाकललं नाही. सुरुवातीला सरकारचा वाटा १५ टक्के होता. माल अपेक्षेपेक्षा जास्त आहे असं दिसल्यावर करार परत उघडायला लावला आणि १९७५ मध्ये ५० टक्के करून घेतला. आज त्या जोडकंपनीचं नाव डेबस्वाना. कर, रॉयल्टी आणि लाभांश धरून नफ्याच्या रुपयातले ऐंशीएक पैसे सरकारकडे जातात. शिवाय खुद्द डी बिअर्समध्ये १५ टक्के मालकी आहे. हे सौदे करणारे अर्थमंत्री क्वेट मसिरे, नंतरचे राष्ट्राध्यक्ष.

आणि या मसिरेंची गंमत ऐका. १९६९ च्या निवडणुकीत हे उपाध्यक्ष स्वतःच्या मतदारसंघात पडले! पाडलं कुणी, तर बांग्वाकेत्सेंचे राजे बाथोएन दुसरे यांनी. नव्या सरकारने राजांचे अधिकार छाटले म्हणून चिडून गादी सोडली आणि विरोधी पक्षातून उभे राहिले. तलवार नाही, बंड नाही, अर्ज भरला आणि निवडून आले. मसिरेंना नेमणुकीच्या जागेवरून संसदेत परत यावं लागलं. पक्ष ५८ वर्षं टिकला हे खरं, पण आपण पडू शकतो हे त्याला तिसऱ्याच वर्षी कळलं होतं. मला वाटतं १९८० च्या दशकातल्या दुष्काळात सरकार एवढं धावाधाव करत होतं त्याचं मूळ इथे आहे. पिकं गेली, पण भूकबळींची रांग लागली नाही.

पैशाचं बोलायचं तर पंचवार्षिक योजनेत नाही असा प्रकल्प संसदेच्या मंजुरीशिवाय घुसवता येत नाही. हिऱ्यांचा पैसा रोजच्या खर्चाला न वापरता रस्ते, शाळा, दवाखाने यांत घालायचा असा संकेत. उरलेला १९९४ पासून पुला फंडात, परदेशी गुंतवणुकीत. एकदम डॉलर आत आले की चलन चढतं आणि बाकीचे धंदे मरतात, तो 'डच रोग' टाळायची ही खटपट.

भ्रष्टाचार नव्हता असं नाही. १९९० च्या सुरुवातीला भूखंडवाटपाच्या चौकशीत उपाध्यक्षांनाच राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर १९९४ ला स्वतंत्र भ्रष्टाचारविरोधी यंत्रणा आली. आपल्याकडे चौकशीचे अहवाल कपाटात जातात, तिथे निदान छापले गेले.

शंकासुर

निवडणुकीत पडलेला माणूस मागच्या दाराने आत आला, हे तुम्ही लोकशाहीचं उदाहरण म्हणून देताय? धन्य. बाकी प्रतिसाद आवडला.

गोधडी

माझी आत्या तिथे फ्रान्सिसटाऊनला सरकारी शाळेत शिकवायची, नव्वदच्या दशकात. भारतीय शिक्षक बरेच होते. ती सांगायची, दर शनिवारी अंत्यविधी. आठवडाभर शाळा आणि शनिवारी पहाटे कुणा ना कुणाच्या घरी. वर्गातली मुलं एकेक करून आजीकडे राहायला जायची. २००० च्या आसपास एड्सने इतकं पोखरलं होतं की देश उरतो की नाही असं लोक बोलायचे. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष मोगाए जाहीरपणे म्हणाले, की आपण नामशेष होऊ शकतो. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत तेव्हा सरकार 'औषधं घातक आहेत' वगैरे घोळ घालत होतं. बोत्स्वानाने २००२ पासून औषधं सरकारी दवाखान्यांतून फुकट द्यायला सुरुवात केली, आफ्रिकेत पहिल्यांदा. बाहेरून मदत मिळाली, पण घरचे पैसेही होते आणि आकडे लपवले नाहीत. धाग्यात नुसता विकासदर आला म्हणून हे लिहिलं.

(आत्या अजून 'दुमेला म्मा', म्हणजे तिथला 'नमस्कार बाई', म्हणून फोन उचलते.)

मांडवीकर

शंकासुरांच्या बासार्वांच्या मुद्द्याला पुरवणी. डिसेंबर २००६ मध्ये बासार्वांनी तिथल्या उच्च न्यायालयात सरकारविरुद्ध खटला जिंकला. बोअरवेलचा लढा २०११ ला अपील कोर्टात जिंकला. सरकारने निकाल कंजूषपणे राबवला, ज्यांची नावं दाव्यात होती त्यांनाच परत जाऊ दिलं, हे खरं. पण देशातला सगळ्यात दुबळा समाज सरकारला कोर्टात हरवू शकतो, ही गोष्ट खाणवाल्या देशांत फार दिसत नाही. १९९२ ला युनिटी डाओ या वकीलबाईंनीही असाच खटला जिंकला. परदेशी नवरा असलेल्या बाईच्या मुलांना नागरिकत्व मिळत नव्हतं, तो कायदा त्यांनी पाडला. पुढे त्या न्यायाधीश झाल्या.

आम्हां गोंयकारांना यातलं कोर्ट जवळचं वाटतं. आमच्याकडे लोहखनिजाचा कायम निधी झाला तो २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे, आणि तोवर डोंगर अर्धे बोटीत बसून गेले होते. बोत्स्वानात निधी सरकारने आपणहून केला. आमच्या सरकारवर कोर्टाने लादला.

रत्नपारखी_बीकेसी

धागाकर्त्याचा शेवटचा प्रश्न राहूनच गेला, पोरांना काम का नाही. त्याचं उत्तर आमच्या धंद्यात आहे.

खाणीत माणसं लागतात थोडी. काम लागतं पैलू पाडायला, आणि ते सगळं सुरतेला. जगातल्या दहापैकी नऊ हिरे सुरतेत घासले जातात. बोत्स्वानाचा माल वर्षानुवर्षं लंडनला जायचा, तिथे बाकीच्या देशांच्या मालात मिसळायचा आणि वर्षातून दहा वेळा 'साईट'ला (निवडक गिऱ्हाइकांसाठीची विक्री) विकला जायचा. करारात जोर लावून त्यांनी २०१३ मध्ये ही साईट लंडनहून गॅबरोनला आणली. आमचे शेठ लोक तेव्हा फार कुरकुरले. लंडनला बायकोची खरेदी व्हायची, इथे काय करायचं! मीही दोनदा गेलो. दक्षिणेच्या उजेडाची खोली, पांढरा कागद, पुढ्यात खोका. वर्गवारी करणाऱ्या मुली सगळ्या तिथल्याच, आणि नजर अशी की आमच्याकडचे वीस वर्षांचे जुने लोक मान खाली घालतील.

पण घासण्याचा कारखाना तिथे चालवणं महाग पडतं. मजुरी जास्त, आणि सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या बसलेला हात तिथे दहा वर्षांत बसत नाही. आपल्या लोकांनी तिथे कारखाने काढले ते बरेचसे कच्चा माल मिळावा म्हणून, असं मी म्हणालो तर मला ऑफिसातून काढतील, म्हणून म्हणत नाही.

आता तर लॅबमधल्या हिऱ्याने सगळ्यांचंच कंबरडं मोडलंय. तोही सुरतेतच बनतो. ऑगस्ट २०२४ ला बोत्स्वानाच्या कारोवे खाणीत २४९२ कॅरटचा खडा सापडला, मुठीत मावेना, जगभर फोटो. त्याच वेळी साध्या मालाला गिऱ्हाईक नव्हतं.

अर्थशून्य

@रत्नपारखी, हेच. निर्यातीत हिरे ऐंशी टक्क्यांच्या घरात, सरकारी उत्पन्नात साधारण तिसरा हिस्सा. 'दुसरं काहीतरी उभं करू' हे प्रत्येक योजनेत लिहिलेलं असायचं. सेलेबी-फिक्वेची तांबे-निकेलची सरकारी खाण तोटा सोसत चालवली आणि ऑक्टोबर २०१६ ला एका फटक्यात बंद केली, पाचेक हजार लोक घरी. जपून खर्च करणं या संस्थांना उत्तम जमलं. नवं काही उगवू देणं जमलं नाही, कारण हुशार पोराला सरकारी नोकरीच सगळ्यात बरी दिसायची. २०२४ ला अर्थव्यवस्था आकसली आणि पुला फंडात उपसा झाला. ५८ वर्षांच्या पक्षाला लोकांनी घरी बसवलं ते याच हिशेबावर. ६१ पैकी ४ जागा!

चहाटळ

चार?? छापखान्याची चूक नाही ना?

आडवाटेचा_पांथस्थ (धागाकर्ता)

चारच. मी तोवर परत आलो होतो, पण मोचुडीच्या बाईंचे आवाजी निरोप रात्रभर येत होते. मतदान ३० ऑक्टोबरला. १ नोव्हेंबरला सकाळीच, सगळे निकाल लागायच्या आधी, मावळते राष्ट्राध्यक्ष मसिसी यांनी हार मान्य केली आणि डुमा बोको राष्ट्राध्यक्ष झाले. बाई म्हणाल्या, ऑफिसात सगळे वेळेवर आले, एक जण सोडून, आणि तो नेहमीच उशिरा येतो.

शंकासुर, तुमचा पहिला मुद्दा मला पटलाय. लेखात मी 'उत्तर द्यायची सवय' म्हटलं, पण हरायची भीती नसेल तर ती सवय सैल पडत जाते. १९६९ ची भीती पुढच्या पिढीला राहिली नव्हती. माझ्या ऑफिसात शिपायाच्या एका जागेला पदवीधरांचे अर्ज यायचे, गठ्ठा मी स्वतः उचललाय. हे मंत्र्यांना दिसत नसेल असं नाही. घाई नव्हती. नव्या सरकारचंही सोपं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारी दवाखान्यांत औषधं संपली म्हणून बोकोंना आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. गोधडी, तुमच्या आत्यांना हे ऐकून वाईट वाटेल.

शंकासुर

पटलं म्हणालात, स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे. मग त्या खोत्ल्याचं पुढे काय झालं? पाणी आलं का?

आडवाटेचा_पांथस्थ (धागाकर्ता)

पाईप आले. पाणी एक दिवसाआड, ते पण रात्री.

बाईंना परवा विचारलं. निवडणुकीनंतर नवे खासदार सभेला आले होते म्हणाल्या, नवा कोट, पुढे दोन गाड्या. बोलायला उभे राहिले तर ते ओव्हरकोटवाले म्हातारे मधेच म्हणाले, "खुर्ची आधी सावलीत घे बाळा. आमचं बरंच बोलायचं राहिलंय."